कंसातली पळवाट
(देवळा येथील भाषणाचा मजकूर)

दोस्तांनो, मी गोदीतला हमाल. पाळी सुटली की गेटावर आमचा डबा उघडून बघतात. आमदाराचा डबा कोण उघडतं?

१९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा वाचा. कलम १०: ज्या कंपनीत सरकारचं भांडवल २५ टक्के वा जास्त, तिचा मॅनेजर, सेक्रेटरी आमदारकीला अपात्र. पण कंसात लिहिलंय, सहकारी संस्था सोडून! चेअरमनचं तर नावच नाही.

विठेवाडीचा साखर कारखाना तुमच्याच तालुक्यातला. अशा कारखान्यांच्या कर्जाला सरकार हमी देत आलं. मागणारा चेअरमन आणि देणारा मंत्री महाराष्ट्रात कितीदा एकच माणूस होता, मोजा.

राज्यसभेत खासदारांच्या हितसंबंधांचं रजिस्टर असतं. तसं आमदाराचंही चावडीवर टांगा. आमचा डबा रोज उघडतो. आता त्यांचा उघडा!