चेन्नईच्या क्रूझमार्गांची मर्यादा

जून २०२२ मध्ये ‘एम्प्रेस’ या क्रूझ जहाजाच्या सफरी चेन्नईहून सुरू झाल्या. प्रारंभी विशाखापट्टणम व पुदुच्चेरी हे थांबे ठरले होते. जून २०२३ मध्ये श्रीलंकेतील हंबनटोटा, त्रिंकोमाली व कांकेसंतुरै या बंदरांची भर पडली. एवढ्या मोठ्या बंदरातून इतके थोडेच मार्ग का? दोष जहाज कंपन्यांना देण्यापूर्वी नकाशा पाहावा.

पाच रात्रींची सफर म्हणजे जेमतेम १२० तास. अंदमान सुमारे १,३५० किलोमीटर दूर. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाण्यायेण्यातच ९० तास खर्ची पडतात. मुंबईहून गोवा मात्र एका रात्रीत गाठता येतो. कोचीचे म्हणाल, तर रामसेतूजवळचा समुद्र इतका उथळ आहे की मोठ्या जहाजाला श्रीलंकेला वळसा घालावाच लागतो. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात चक्रीवादळांची धास्ती असते ती वेगळीच.

राहिली पुदुच्चेरी. जहाजावरील जुगाराला तेथे विरोध झाला आणि २०२२ मध्ये थांब्याची परवानगी मिळाली नाही. जवळचा थांबा तेव्हा असा गळला आणि किनाऱ्याला न लागता भर समुद्रात फिरून परतण्याची सफर उरली.