नेट बंद? आधी वॉचमनला हाकलू नका!

घरातलं इंटरनेट बंद पडलं की पहिला संशय अँटिव्हायरसवर जातो. ‘ते काढून टाका, नेट चालेल,’ असं कुणीतरी सांगतं आणि आपण तसं करूनही मोकळे होतो. संगणक दुरुस्तीसाठी मी घरोघरी जातो, तेव्हा हे हमखास दिसतं. सोसायटीत चोरी झाली की आधी वॉचमनलाच धरतात, त्यातलाच हा प्रकार!

संशय अगदीच निराधार नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीमधली एक अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली. अनेक संगणकांचं नेटवर्क तुटलं, ते पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडे काही विमान प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पण असे प्रसंग विरळा. घरातल्या तक्रारीचं मूळ बहुधा दुसरीकडे असतं आणि ते क्रमानं शोधावं लागतं.

आधी मोबाइलचा डेटा बंद करा आणि मोबाइल घरच्या वाय-फायला जोडा. त्यावर नेट चाललं, तर दोष संगणकात आहे. नाही चाललं, तर राउटर किंवा बाहेरची लाइन पाहायची. फायबरच्या खोक्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून सिग्नलच येत नाही. वायर सुटली किंवा दुमडली नाही ना, एवढं पाहा आणि कंपनीला कळवा. लाल दिवा नसेल, तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा चालू करा.

दोष संगणकात असेल, तर पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. हसू नका! मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाऊ शकते. सुरक्षित वेबसाइटची प्रमाणपत्रं ठरावीक मुदतीची असतात. तारीख चुकली की ती अमान्य ठरतात. मग बँकेची साइट उघडत नाही, अँटिव्हायरसचं अपडेटही अडतं. उपाय काय, तर तारीख दुरुस्त करायची आणि ती स्वस्तातली बॅटरी बदलायची.

यानंतर अँटिव्हायरस किती आहेत, ते मोजा. संगणकाबरोबर आलेला, मुदत संपलेला एक आणि मुलानं टाकलेला दुसरा, अशी जोडी बऱ्याच घरांत सापडते. दोघंही नेटवरून येणारी प्रत्येक गोष्ट तपासू पाहतात आणि एकमेकांच्या पायात पाय अडकवतात. एकच ठेवा. दुसरा काढताना त्याच कंपनीचं, तो पूर्ण काढून टाकणारं साधन वापरा, कारण मागे राहिलेले अवशेषही नेट अडवू शकतात. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर मुळातच असतो. दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो साधारणपणे आपोआप बाजूला होतो.

एवढं करूनही नेट चालत नसेल, तरच अँटिव्हायरस पाच मिनिटं थांबवा आणि एखादी ओळखीची साइट उघडून पाहा. उघडली, तर दोष त्याचा. तो काढून नव्यानं टाका, पण घर उघडं ठेवू नका.

मला खरी काळजी वाटते ती घाईची. अचानक पडदाभर लाल सूचना येते, ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा.’ खरा अँटिव्हायरस किंवा विंडोज अशा इशाऱ्यात फोन नंबर देत नाही. ऑल्ट आणि एफ-४ ही बटणं एकदम दाबून ती खिडकी बंद करा. नाहीच झाली, तर संगणक बंद करा. त्या नंबरवरचा गोड बोलणारा माणूस एक छोटा प्रोग्रॅम टाकायला सांगतो. तो टाकला की तुमचा माउस त्याच्या हाती, आणि त्याच खिडकीत तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करता. आयुष्यभराची शिल्लक अशी जाऊ शकते. पैसे गेलेच, तर क्षणभरही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि आपल्या बँकेला फोन करा.

आता शेवटची विनंती. नेट बंद पडल्यावर मोबाइलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका. तिथं भामट्यांनी पेरलेले खोटे नंबरही असतात. आजच बिलावरून कंपनीचा तक्रार क्रमांक आणि तुमचा ग्राहक क्रमांक एका चिठ्ठीवर उतरवा, खाली १९३० लिहा आणि ती चिठ्ठी राउटरशेजारी भिंतीवर चिकटवा. नेट नसतानाही ती वाचता येते!