शब्द तोच, अर्थ कोणाचा?

(कल्याण येथे विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



एका लहान प्रसंगाने सुरुवात करतो. आमच्या शेजारच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. कल्याणहून ठाण्याला जाताना लोकलमध्ये त्याने ओळखीच्या प्रवाशांना पेढे दिले. एका गृहस्थांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारले, "सवलतीत मिळाला का?" विचारणाऱ्याच्या मनात कदाचित वाईट काही नसेल, पण मुलाने पेढ्यांचा पुडा बंद केला. ठाण्याला उतरल्यावर तो मला म्हणाला, "काका, मी काय उत्तर द्यायला हवं होतं?" त्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे.

सवलत म्हणजे काय? दुकानदार किमतीत देतो ती, एसटी भाड्यात देते ती. फी माफ झाली तर तिलाही सवलत म्हणायला हरकत नाही. पण सवलत या शब्दात देणारा मोठा आणि घेणारा लहान असतो. संविधानाचे कलम 15(4) शिक्षणाच्या बाबतीत उन्नतीसाठी 'विशेष तरतूद' म्हणते. कलम 16(4) सरकारी सेवेतील पुरेशा प्रतिनिधित्वाची गोष्ट करते. या दोन्ही ठिकाणी सवलत हा शब्द नाही. तो व्यवहारात आला, कचेऱ्यांत रुळला आणि हळूहळू आपल्याही तोंडी बसला.

शब्दाची किंमत आपल्या समाजाने मोजली आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. त्यानंतर अर्जावर अभिमानाने 'बौद्ध' लिहिणाऱ्या आपल्या माणसांना केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान नव्हते. ते 1990 साली मिळाले. 34 वर्षे एका शब्दासाठी माणसे हक्कावर पाणी सोडत होती किंवा मन मारून दुसरा शब्द लिहीत होती. म्हणून 'नावात काय आहे' हे आपल्याला कोणी सांगू नये.

मग शब्दाचा अर्थ बदलता येतो का? येतो, आणि त्याचा पुरावा आपल्याच भागात सापडला आहे. सोपारा पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. 2014 पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तिथल्या स्तूपाच्या टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा आतून बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे निघाले. नाव कोटाचे, पोटात स्तूप! सोपाऱ्यालाच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि जवळच्या भुईगावला नवव्याचा. हा नववा मिळाला ते वर्षही 1956 च.

हे दोन्ही लेख शब्दांविषयी आहेत, असे मला वाटते. आठव्यात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि मौजमजेला. त्याने तिच्या जागी धम्मयात्रा सुरू केली. संबोधीच्या ठिकाणी जाणे, वृद्धांना भेटणे, दान करणे, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धम्माविषयी बोलणे, ही त्याची यात्रा. नवव्यात तो म्हणतो की आजारात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात. त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर आणि प्राण्यांविषयी संयम. त्याने 'मंगल' हा शब्द टाकला नाही. त्यात आचरण भरले.

आता बोट आपल्याकडेही वळवू या. आपण पत्रिकेवर 'मंगल परिणय' छापतो. मुलीच्या बापाने पतपेढीचे कर्ज काढून हॉल आणि बॅन्डचे पैसे भरले असतील, तर त्यात मंगल काय उरले? आपण 'विहार' बांधतो. त्याचे कुलूप वर्षातून दोन-तीन जयंत्यांनाच उघडत असेल आणि शेजारच्या चाळीतली मुले जिन्यावर बसून अभ्यास करीत असतील, तर त्या शब्दाचा अर्थ आपणच पुसतो आहोत. दुसऱ्यांनी आपल्या शब्दांचा मान राखावा असे वाटत असेल, तर तो आधी आपण राखला पाहिजे.

त्या मुलाला मी स्टेशनवर एवढेच सांगितले, "पेढ्यांचा पुडा बंद करू नकोस. शांतपणे सांग, 'ही सवलत नाही, संविधानाने केलेली तरतूद आहे. परीक्षा माझी मलाच द्यायची आहे.' आणि मग ती परीक्षा नीट दे." आज तो इथे समोर बसला आहे. रविवारी विहारात धाकट्या मुलांना गणित शिकवतो. 'विहार' या शब्दाचा अर्थ मला त्याच्याकडून कळला.