स्कीचा बूट पायाला बसवताना

हिवाळ्यात गुलमर्गला किंवा औलीला स्कीइंग शिकायला जाणारी मराठी मंडळी आता बरीच दिसतात. भाड्याचे बूट घेताना काउंटरवर हमखास ऐकू येतं, "दादा, जरा मोठा द्या, हा चावतोय." चप्पल घेताना हे चालतं. स्कीच्या बुटात मात्र पायाचे हाल बहुधा इथूनच सुरू होतात.

बूट सैल असला की पाऊल पुढे-मागे सरकतं, टाच उचलली जाते, बोटं पुढे आपटतात. मग आपण बकलं करकचून आवळतो. पावलाच्या वरच्या बाजूला नसा आणि रक्तवाहिन्या कातडीलगत असतात. त्या दाबल्या गेल्या की मुंग्या येतात, पाय गारठतो, आणि आपल्याला वाटतं बूट लहान पडला!

पूर्वी हे बूट चामड्याचे असत. वापरून वापरून ते पायाच्या घडणीचे होत. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या बॉब लँग यांनी प्लॅस्टिकचा बूट बाजारात आणला. त्याने स्कीवर पकड आली, पण प्लॅस्टिक काही आपणहून पायापुढे नमत नाही. ते नमवायला माणूस लागतो, आणि त्याला म्हणतात बूट-फिटर. आल्प्समध्ये शामोनीसारख्या गावांत ही मंडळी दुकान मांडून बसलेली असतात.

चांगला फिटर आधी अनवाणी उभं करतो. भार पडल्यावर पाऊल किती लांबतं, कमान किती बसते, घोटा किती वाकतो, ते पाहतो. माप सेंटिमीटरमध्ये असतं: 26.5 म्हणजे साडेसव्वीस सेंटिमीटरचं पाऊल. मग तो आतला मऊ लायनर काढून नुसत्या कवचात पाय घालायला लावतो. बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती फट उरते ते पाहायचं. एक ते दोन सेंटिमीटर असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर लहान माप. बहुतेक कंपन्यांत 26 आणि 26.5 चं कवच एकच असतं, त्यामुळे अर्ध्या मापासाठी हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मग तळव्याच्या कमानीला आधार देणारा सोल बनतो, लायनर गरम करून पायावर बसवला जातो. तरीही घोट्याचं हाड टोचलंच, तर काही फिटर त्या हाडावर लिपस्टिकचा ठिपका लावतात. पाय कवचात घातला की नेमक्या जागी डाग उमटतो. तिथलं प्लॅस्टिक तापवून आतून दाब देतात आणि गार होईपर्यंत तसंच धरून ठेवतात. काही मिलिमीटरचा फुगवटा येतो, आणि तेवढ्याने हाड सुटं होतं. मला या कामाचं फार कौतुक वाटतं, कारण यात सगळा बूट सैल न करता फक्त दुखरी जागा मोकळी होते.

भाड्याच्या बुटाला एवढं कोणी करणार नाही. पण मोजा एकच आणि पातळ घाला. थर्मलची पँट बुटात कोंबू नका. टाच मागे आपटून मगच बकलं लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली आणि गुडघे वाकवताच मागे सरली, तर माप बरोबर आहे. दहा मिनिटं तसंच उभं राहा. एकाच जागी टोचत असेल तर त्याच मापात दुसऱ्या बनावटीचा बूट मागून घ्या.