फोल्डरमध्ये तुमचं काय आहे?

(विहाराच्या वर्धापन दिनी विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमात झालेले भाषण. वक्ते आपल्याच वस्तीत वाढलेले ग्राफिक डिझायनर आहेत. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मघाशी चहा घेताना एका ताईंनी मला विचारलं, "माझा मुलगा ग्राफिक डिझायनर व्हायचं म्हणतो. म्हणजे फ्लेक्सवालाच ना?" मी म्हटलं, हो, फ्लेक्सवालाही त्यातच आला. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, बसच्या कपाळावरचा नंबर, लग्नाची पत्रिका, मोबाईलवर पैसे पाठवताना दिसणारं बटण, हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. अक्षर केवढं, रंग कुठला, आधी काय वाचलं जावं. ते ठरवणारा तो डिझायनर. हाताने चित्र चांगलं येणं ही त्यातली एक बाजू झाली.

आता मुलांचे दोन प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात. सर, आयडिया कुठून आणायची? आणि पोर्टफोलिओ कसा करायचा? पोर्टफोलिओ म्हणजे आपल्या कामाचं फोल्डर, जे बघून लोक काम देतात. या दोन्ही प्रश्नांत मी स्वतः कसा आपटलो ते आधी सांगतो.

दहावीनंतरच्या सुट्टीत मी आपल्या इथल्या एका बोर्ड पेंटरकाकांच्या हाताखाली लागलो. ब्रश धुणे, कापड ताणणे, खडू लावलेल्या दोरीने रेघ मारणे ही माझी कामं. एप्रिल जवळ आला की झोप नसायची. जयंतीचे बॅनर, कमानी, मिरवणुकीच्या गाडीमागचा पडदा. काकांनी मला अक्षर शिकवलं. ते म्हणायचे, "लांबून वाचणारा चालत असतो रे, त्याच्यासाठी लिही." पुढे मी उपयोजित कलेचं शिक्षण घेतलं आणि नोकरीसाठी एका जाहिरात कंपनीत मुलाखतीला गेलो.

फोल्डरमध्ये चाळीस कामं होती. परदेशी मासिकातल्या जाहिराती बघून केलेल्या, सिनेनटांचे चेहरे, एक घोडा. बॅनरचे आठ-दहा फोटोही लावले होते. ते मी आदल्या रात्री काढून ठेवले. का काढले? निळा रंग दिसला, वस्तीचं नाव दिसलं, की समोरच्याला सगळं कळेल, असं वाटलं. आई बघत होती. ती म्हणाली, "अरे, ते तर तू केलेलं आहेस ना?" मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या साहेबांनी शांतपणे सगळी पानं उलटली आणि विचारलं, "हात चांगला आहे. पण यातलं तुझं कुठलं?" मंडळी, मला एक पान दाखवता आलं नाही. माझं जे होतं ते मी घरी ठेवून आलो होतो. ती नोकरी मला मिळाली नाही. त्यांनी जात विचारली नव्हती, पत्ता विचारला नव्हता. त्या दिवशी नाव मीच लपवलं होतं. (इतर ठिकाणी विचारणारेही भेटले, तो वेगळा विषय.)

मग दुसरं फोल्डर केलं. त्यात फक्त बारा कामं. पहिल्या पानावर आमच्या चौकातली कमान आणि शेजारी तिची पेन्सिलची कच्ची रेखाटनं. त्या फोल्डरवर एका छोट्या प्रेसमध्ये काम मिळालं. पगार बेताचा होता, पण शाई, कागद, मशीन मी तिथेच शिकलो.

आता आयडियाचं. पोरं मोबाईलवर शेकडो चित्रं बघतात आणि त्यातलं एक उचलतात. बघायला माझी हरकत नाही, उचलायला आहे. दुसऱ्याच्या कामातून त्याचा विचार घ्यावा, आकार घेऊ नये. कमल शेडगे यांचं उदाहरण घ्या. नाटकाच्या जाहिरातीत ते नाटकाचं नाव असं लिहायचे, की नाटक ऐतिहासिक आहे की विनोदी ते अक्षरातच कळावं. त्यांच्या अक्षराची नक्कल केलीत तर तुम्ही नकली शेडगे व्हाल. पण "अक्षरानेच अर्थ बोलावा" हा त्यांचा विचार घेतलात, तर तुमचं अक्षर वेगळंच निघेल.

आणि बघायला लांब कशाला जायचं? बोरिवलीला उतरा, नॅशनल पार्कमधून कान्हेरीला जा. सोमवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा. आपण तिथे सहलीला जातो, वंदना करतो, डबा खातो आणि परत येतो. पुढच्या वेळी भिंतीवरचे ब्राह्मी लेख बघा. कुणी काय दान दिलं याच्या नोंदी आहेत, कल्याण-सोपाऱ्याकडच्या दात्यांच्याही आहेत. सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या लेखाचा तुकडा मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, तोही बघा. अशोकाच्या काळच्या ब्राह्मीत 'क' म्हणजे गणितातलं अधिकचं चिन्ह. 'ठ' म्हणजे साधा गोल. 'थ' म्हणजे गोलात टिंब. वर शिरोरेघ नाहीच. दगडावर छिन्नीने कोरायचं, लोकांनी वाचायचं, म्हणून अक्षर इतकं साधं आणि मोकळं. आता आपला आजचा 'ठ' लिहून बघा. तो गोल अजून तिथेच आहे! मी ही अक्षरं वहीत शंभर वेळा तरी काढली असतील. विंडोज संगणकावरचा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी आयआयटी मुंबईत शिकवायचे. फॉन्ट ही काही आकाशातून पडणारी गोष्ट नाही, आपल्यासारखा कुणीतरी बसून तो काढतो.

आता फोल्डरकडे येतो. दहा-बारा कामं पुरेत. सगळ्यात चांगलं काम पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटी. प्रत्येक कामाखाली तीन ओळी लिहा. कुणासाठी केलं, अडचण काय होती, तुम्ही काय केलं. चौघांनी मिळून केलं असेल तर तसं लिहा. संगणकाने, म्हणजे एआयने, चित्र काढून दिलं असेल तर तेही लिहा, नाहीतर मुलाखतीत त्याच पानावर अडकाल.

आणि कच्चं काम टाकू नका. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, मुलांची रेखाटनं रद्दीत घालू नका. अमेरिकेतल्या मिल्टन ग्लेझर यांनी १९७६ साली न्यूयॉर्कसाठी लाल बदामाचं चिन्ह केलं, टी-शर्टवर असतं ते. त्याचं पहिलं रेखाटन त्यांनी टॅक्सीत बसून कागदाच्या एका कपट्यावर केलं होतं. तो कपटा आज तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. ग्लेझर आणि आपले कमल शेडगे दोघंही २०२० मध्ये काही दिवसांच्या अंतराने गेले.

कामं कुठून आणायची? कुणी देईपर्यंत थांबू नका. आपल्या वस्तीतल्या एका मुलीने बचत गटाच्या मसाल्याचं लेबल केलं. पहिल्यांदा सोनेरी वेलबुट्टी, वळणदार अक्षरं. दिसायला छान. पण तिच्या आजीला त्यावरचं वजन आणि तारीख वाचता येईना. शिवाय खाण्याच्या वस्तूवर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर लागतो, शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका लागतो, त्याला जागाच उरली नव्हती. तिने तीनदा बदललं. मी तिला सांगितलं, तिन्ही लेबलं फोल्डरला लाव, फसलेलं आधी लाव. विहाराच्या वाचनालयाचं कार्ड आहे, लसीकरणाचं वेळापत्रक आहे, तेही कुणीतरी करायला हवंच आहे.

एक कारागिरीची गोष्ट सांगतो, इथे सगळ्यांच्या कामाची. दर वर्षी कुठल्या तरी मंडळाचा निळा बॅनर छापून जांभळा येतो आणि प्रेसवाल्याशी भांडण होतं. प्रत्येक वेळी चूक त्याची नसते. पडद्यावरचा निळा प्रकाशाचा असतो, छपाईचा शाईचा. छपाईत निळा हा सायन आणि मॅजेंटा या दोन शायांतून होतो. मॅजेंटा सायनच्या जवळ गेली की रंग जांभळ्याकडे झुकतो. दोघींत तीस टक्क्यांचं तरी अंतर ठेवा आणि आधी हातभर तुकडा छापून बघा.

खर्चाची चिंता असेल तर इंकस्केप आणि गिंप ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. बारावीनंतर आयआयटीच्या डिझाइन शिक्षणासाठी यूसीड ही परीक्षा आहे, तिच्यात प्रत्यक्ष चित्रही काढायला लावतात. चौकशीला माझ्या घरी कधीही या.

माझं ते पहिलं फोल्डर, नक्कल केलेलं, मागच्या टेबलावर ठेवलं आहे. जरूर बघा, घोडाही आहे. ते निरुपयोगी म्हणून माळ्यावर टाकलं होतं, म्हणून वाचलं. दुसरं, खरं फोल्डर खाटेखालच्या पेटीत जपून ठेवलं होतं. २६ जुलै २००५ च्या पुरात ते पेटीसकट गेलं. काकांचंही आता कुणी इथे राहत नाही. तेव्हा तुमच्या घरी जयंतीच्या मिरवणुकीचे जुने फोटो असतील, लेझीम खेळणाऱ्या पोरांच्या मागे किंवा गाडीच्या बाजूला कुठेतरी बॅनर दिसत असेल, तर अल्बम घेऊन पुढच्या रविवारी विहारात या. मी फोटो काढून अल्बम लगेच परत देईन. काकांचा 'भ' मला लांबूनही ओळखू येतो.

जयभीम.