मनीने शिकविलेला धडा



आज मी माझ्या एका मूक गुरूविषयी बोलणार आहे. अकरा वर्षे आमच्या घरी नांदलेली मनी मांजर, हीच ती गुरू.

पावसात भिजलेले पिलू घरात आणले, तेव्हा वाटले, जैनाघरचे मांजर दूधभातावर वाढेल. पण तिचे पोट वारंवार बिघडू लागले. पशुवैद्यांनी समजाविले, बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही. शिवाय टॉरिन नावाचे द्रव्य त्यांच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. निसर्गतः ते मांसातून मिळते. त्याच्या अभावी दृष्टी जाते; शिवाय हृदयही दुबळे होते, हे १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे.

मी सुन्न झालो. व्रत माझे, उपासमार मात्र तिची! हीसुद्धा हिंसाच नव्हे काय?

अखेर वैद्यांनी सांगितलेले तयार खाद्य अंगणात, वेगळ्या भांड्यात देऊ लागलो. त्यात मांसांश होता, हे लपवीत नाही. मन आजही पूर्णतः निःशंक नाही.

पोट भरलेले असूनही मनी चिमणीवर झेप घेई. तो तिचा स्वभाव. खबरदारी घेणे माझे कर्तव्य. म्हणून सकाळ-संध्याकाळ तिला घरातच ठेवीत असू.

संयम स्वतः पाळावयाचा असतो, दुसऱ्यावर लादावयाचा नसतो. मुलानातवंडांशी वागताना हा धडा मला रोज उपयोगी पडतो.

जय जिनेंद्र!