शेजारी उभे असणाऱ्यांसाठी

पदवीधरांनो,



आता तुमच्यातले बरेचजण पुण्या-मुंबईत, बंगळुरूत खोली शोधायला लागतील. तिथे एजंट भाड्याचं नंतर बोलतो, आधी आडनाव विचारतो. ते ऐकलं की कालपर्यंत रिकामा असलेला फ्लॅट अचानक ‘गेलेला’ असतो. मणिपूरच्या, नागालँडच्या मुलीला रस्त्यात ‘चिंकी’ ऐकावं लागतं. ती चिडली, की ‘अगं, गंमत केली!’

ऑगस्ट २०१२ मध्ये पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले झाले. मोबाइलवर आणखी हल्ल्यांच्या अफवा पसरल्या आणि पुण्या-बंगळुरूहून हजारोजण मिळेल त्या गाडीने गावी निघाले. सरकारला एकगठ्ठा एसएमएसवर १५ दिवस बंदी घालावी लागली. त्या अफवा इतक्यांना खऱ्या का वाटल्या? मला वाटतं, वेळ आली तर आपल्या बाजूने कुणी उभं राहणार नाही, हे रोजच्या टोमण्यांनी त्यांना आधीच शिकवलं होतं.

संविधानाचं कलम १५ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई करतं. पण नियम आपल्या पायांनी चालत नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. तरी दलितांना पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले. कोर्टकज्जे १९३७ पर्यंत चालले. या लढ्यात सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रेही बाबासाहेबांसोबत होते. या दोघांना ते पाणी कधीच कुणी नाकारलं नव्हतं. आज मी बोलतोय ते अशा सोबत्यांविषयी.

ज्याचा अपमान होतो त्यानेच दरवेळी भांडायचं, हा अन्याय आहे. तेव्हा तुम्ही बोला. भाषण नको, ‘हे चालणार नाही’ एवढं पुरतं. मग त्या मित्राला विचारा, ‘तुला काय करायचंय?’ त्याला तक्रार द्यायची असेल, तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा, साक्षीदार म्हणून सही करा, सोबत जा. त्याला विषय वाढवायचा नसेल, तर परस्पर पुढारपण करू नका. आणि धर्म बघून त्याला नाकारलेला फ्लॅट तुम्हाला मिळत असेल, तर तुम्हीही घेऊ नका. ऑफिसजवळची जागा हातची जाईल. तेवढी झळ सोसा.

सर्वांत अवघड आघाडी मात्र घरातली. परक्याला सुनावणं सोपं. फॅमिली ग्रुपवर एखाद्या धर्माविषयी विखारी मेसेज पुढे ढकलणाऱ्या काकांना अडवणं कठीण. मान राखूनच विचारा, ‘काका, हे खरं कशावरून?’ ते रागावतील, आई ‘जाऊ दे ना’ म्हणेल. तरी विचारा.